वाक्याचा कर्ता कोण?

मृगाच्या सरी पडून गेल्या, की भैंसा येथील बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे उभे राहावयास जागा उरत नाही. सरकीच्या पिशवीतून, औषधाच्या खोक्यातून एक घडी घातलेले पातळ पत्रक निघते. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्यावर इंग्रजी, हिंदी, तेलुगू आणि माल मराठवाड्याच्या अंगाने आलेला असेल तर मराठी मजकूर छापलेला असतो. ही पत्रके कोणी वाचत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते आणि बहुधा छापणाऱ्यालाही ठाऊक असते. या हंगामात मात्र आम्ही ती जमतील तेवढी गोळा केली आणि ओळ न् ओळ वाचली. जोडीला शेतकी खात्याच्या घडीपत्रिका, पीककर्जाचे अर्ज, बाजार समितीच्या आवारातील सूचनाफलक असे इतर कोरडे वाङ्मयही वाचले. कथा-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रबंध झाले, परिसंवाद झाले. परंतु ज्या लिखाणावर माणसाचे पोट आणि कित्येकदा प्राणही अवलंबून असतो, त्या लिखाणातील स्त्रीकडे त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे.

वाचून जे हाती आले ते असे, की ही पत्रके एका पुरुषाशी बोलतात. 'शेतकरी बंधूंनो' ही बहुतेकांची सुरुवात. चित्रात पाठीला पंप बांधलेला पुरुष. स्त्री चित्रात आलीच, तर ती डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन बांधावर उभी असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून काढून आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात घालण्यात आली. २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली आदिलाबादचेही तुकडे होऊन भैंसा निर्मळ जिल्ह्यात गेले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, कचेरीची भाषा बदलली. पत्रकातला 'बंधू' तेवढा जागचा हलला नाही.

आता, हा कापूस पिकवते कोण, ते पाहू. नांगरट-वखरणी गडी करतो, यात वाद नाही. सरकी टोबतात त्या बहुतांशी बाया. खुरपणीला वाकतात त्या बाया. दसऱ्यानंतर पांढऱ्याशुभ्र रानातून कमरेला ओटी बांधून, बोंडाच्या टोकदार कडांनी बोटे सोलून घेत कापूस वेचतात त्याही बायाच. कापसाच्या एका हंगामातील माणशी कामाचे तास कोणी खरोखरच मोजले, तर 'शेतकरी' हा शब्द कोणाच्या डोक्यावर बसवावा याचा पेच पडावा. २०११ च्या जनगणनेत देशातील काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी २४ स्वतःच्या शेतात राबणाऱ्या आणि ४१ शेतमजूर म्हणून नोंदल्या गेल्या. म्हणजे शंभरांतील पासष्ट स्त्रिया ज्या धंद्यात आहेत, त्या धंद्याचे तांत्रिक लिखाण 'बंधूंनो' म्हणून सुरू होते.

यावर कोणी म्हणेल, की हा शब्दाचा कीस पाडणे झाले. 'बंधू' म्हटल्याने स्त्रीला कोठे काट्याने टोचते? कायदाच पाहा ना. १८९७ चा जो सर्वसाधारण वाक्खंडांचा अधिनियम आहे, त्याच्या तेराव्या कलमाने सांगूनच ठेवले आहे, की केंद्रीय कायद्यांतील पुल्लिंगी शब्दात, विषय-संदर्भ आड येत नसेल तर, स्त्रीचाही समावेश समजावा. सव्वाशे वर्षे 'तो' या एका अक्षराच्या छताखाली 'ती' राहत आली, तिचे काय बिघडले?

कायद्याच्या पुस्तकात फारसे बिघडले नसेल. शेतात बिघडते. कसे, ते सरकीपासूनच सांगतो.

२००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि घरच्या सरकीची जागा पाहता पाहता पिशवीतल्या सरकीने घेतली. ही सरकी रंगीत असते. तो रंग शोभेचा नव्हे. बियाण्याला आधीच औषध चोळलेले आहे, ते चुकून माणसाच्या वा गुरांच्या पोटात जाऊ नये, म्हणून दिलेली ती खूण आहे. पिशवीवर सावधगिरीच्या सूचना असतात. पण पिशवी शेतमालक फोडतो, दाणे बायांच्या ओंजळीत ओततो आणि पिशवी बांधावर फेकली जाते. दिवसभर त्या दाण्यांनी माखलेल्या हातांनीच दुपारी भाकरी मोडली जाते. सूचना 'बंधूं'ना होती. बंधूंनी दाण्याला हात लावलाच नाही! म्हटले तर सूचनेचे तंतोतंत पालन झाले.

फवारणीचेही तसेच. वाढलेल्या कापसाला एकरी दोनशे लिटर पाणी धरले, तर सोळा लिटरचा पंप बारा-तेरा वेळा भरावा लागतो. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, हे खरे. पण ते पाणी विहिरीवरून वा ओढ्यावरून घागरी-घागरीने आणते कोण, आणि पंप भरताना बादलीतले औषध काडीने ढवळून देते कोण? औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, हे वाचकांनी पाहिले असेल. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी तो आणला. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. निरक्षर माणसालाही कळावे अशी ही योजना, आणि ती खरोखर चांगली आहे. मात्र ज्या घरात दुकानात जाणारा एक आणि बादली ढवळणारी दुसरी, तेथे त्रिकोणाचा अर्थ दुकानातून बांधापर्यंत पोहोचतच नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत गेले, ही हकीकत वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा यांविषयी पुष्कळ बोलले गेले, छापले गेले. ते आवश्यकच होते. पण ते सारे बोलणे पंप पाठीवर घेणाऱ्याविषयी होते. संध्याकाळी तो घरी आल्यावर औषधाने भिजलेला त्याचा सदरा आणि धोतर कोणाच्या हाताखाली जाते, हा प्रश्न विचारलेला आम्हांस क्वचितच आढळला.

येथे थोडे व्याकरण काढावे लागेल. शाळेच्या आठवणीने कोणी पान उलटू नये.

आमच्या गावात माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तीन भाषांतून वावरतो. मराठीत पुरुष 'मी जातो' म्हणतो, स्त्री 'मी जाते' म्हणते; तोंड उघडताच लिंग कळते. उर्दूतही तेच. तेलुगूत मात्र 'नेनु वेळ्तानु' हे स्त्रीपुरुष दोघांनाही चालते. म्हणून तेलुगू फार समतेची, असे समजून आम्ही खुशीत होतो. पण तृतीय पुरुषात गंमत आहे. तो आला तर 'वच्चाडु', ती आली तर 'वच्चिंदि', आणि म्हैस आली तरी 'वच्चिंदि'च. सुनेला आणि म्हशीला एकच क्रियापद! (आमच्या गावाच्या नावावरून हिंदी भाषकांनी आजवर केलेल्या विनोदांची परतफेड करण्याचा आमचा हेतू नाही.) अर्थात मान देऊन बोलायचे झाले, की तेलुगू 'वच्चारु' म्हणते आणि तेथे गुरुजी व गुरुबाई एका पंक्तीला येतात. तात्पर्य, कोणतीही भाषा सोवळी नाही, आणि कोणत्याही भाषेत वाट सापडत नाही असेही नाही.

मराठीतील अर्ज पाहा. तळाशी 'वरील मजकूर खरा असल्याचे मी लिहून देतो' असे छापलेले असते, आणि त्याखाली बाई अंगठा उठवते. अलीकडे 'देतो/देते' अशी तिरपी रेघ आली. ही सुधारणाच म्हणावयाची. मात्र तिरप्या रेघेच्या अलीकडे नेहमी 'देतो' आणि पलीकडे 'देते', हा क्रम उलटा छापलेला आम्ही अजून पाहिलेला नाही. उलट 'आम्ही' या सर्वनामाची सोय बघा. 'आम्ही म्हणतो', 'आम्ही गेलो' हे पुरुष म्हणतील तसेच बायकाही म्हणतील. हे सदर इतकी वर्षे 'आम्ही' म्हणून लिहिले जात आहे. लिहिणारा हात बांगड्यांचा की बिनबांगड्यांचा, हे क्रियापदावरून कोणी ओळखून दाखवावे.

याहून मोठी सोय म्हणजे विध्यर्थ. मराठीत तांत्रिक लिखाण प्रथम कोणी नीटनेटके केले, असे आम्हांस विचाराल, तर आम्ही पाकशास्त्राच्या पुस्तकांकडे बोट दाखवू. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालची. नागपूरपासून बडोद्यापर्यंत आणि हैदराबादेपासून थेट अमेरिकेपर्यंत 'रुचिरा' मुलींच्या पेटीतून गेली. साहित्य आधी, माप स्पष्ट, कृती क्रमाने, आणि वाक्य कसे? कणीक घट्ट भिजवावी, अर्धा तास झाकून ठेवावी. क्रियापद कणकेप्रमाणे चालते. भिजवणारा कोण, याची वाक्याला फिकीर नाही. बाई भिजवो की बुवा. (पुस्तकाच्या नावातच 'गृहिणी' घालून बुवांना उंबऱ्याबाहेर ठेवले जाते, हा भाग निराळा. 'बंधूंनो'चीच ती दुसरी बाजू.)

मग सोपा उपाय झाला. सगळी पत्रके विध्यर्थात लिहावीत, 'बंधूंनो' खोडावे, आणि स्त्रीपुरुष-भेद मिटला म्हणून हात झटकावेत. इंग्रजी मुलखांतही गेली चाळीस-पन्नास वर्षे बरीचशी अशीच डागडुजी चालू आहे. क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलबोन क्लबनेसुद्धा २०२१ साली 'बॅट्समन' हा शब्द काढून 'बॅटर' केला.

पण आमच्यासमोरच्या पत्रकात एक वाक्य आहे, ते जवळजवळ प्रत्येक पत्रकात असते : फवारणीनंतर कपडे वेगळे व स्वच्छ धुवावेत. पाहा, किती निर्दोष विध्यर्थ! क्रियापद कपड्यांप्रमाणे चालले आहे, कर्ता कोठेही नाही. आणि कर्ता नाही म्हणूनच हे वाक्य खोटे आहे. धुवावेत, पण कोणी? वाचणारा पुरुष हे वाक्य वाचतो आणि कपडे उतरवून कोपऱ्यात टाकतो. त्याच्या लेखी धुणे ही पावसासारखी आपोआप होणारी गोष्ट आहे. धुणारीला हे वाक्य सांगितलेलेच नाही. ती त्याच मोरीवर, उघड्या हातांनी, लेकराच्या लंगोटाबरोबर तो सदरा घासते. पत्रकातील इतर वाक्यांत पुरुष स्पष्ट उभा आहे. त्याने मोजे घालावेत, त्याने वाऱ्याच्या दिशेने फवारावे, त्याने तंबाखू खाऊ नये. एवढ्या एकाच वाक्यात कर्ता लुप्त झाला, कारण त्या कामाचा कर्ता ती आहे.

म्हणजे पत्रक दोन परींनी चुकते. जे काम दोघे करतात तेथे ते फक्त त्याला हाक मारते, आणि जे काम तीच करते तेथे ते कोणालाच हाक मारीत नाही. पहिली चूक शब्द बदलून सुधारेल. दुसरी चूक शब्द बदलून सुधारणार नाही. कोणते काम कोणाच्या हातून होते, हे लिहिणाऱ्याने आधी शेतात आणि मोरीवर जाऊन पाहिले पाहिजे.

एक अपवाद मात्र आम्हांस सापडला. कापूस स्वच्छ वेचला जावा म्हणून जे सल्ले देतात, त्यांत वेचणाऱ्या स्त्रियांना आठवणीने सांगितलेले असते, की त्यांनी डोक्याला सुती फडके बांधावे. आमचे मन भरून आले. उन्हाची काळजी कोणाला तरी वाटली! पुढचे वाक्य वाचले तेव्हा उलगडा झाला. बाईचा केस कापसात गेला तर गाठीची प्रत उतरते.

आता 'शेतकरी' या शब्दाकडेच वळू. मराठीत 'ईण' हा प्रत्यय मोठा चमत्कारिक आहे. पाटलीण म्हणजे गावचा कारभार पाहणारी स्त्री नव्हे, पाटलाची बायको. देशमुखीण तशीच. मास्तरीणबाईंचा अर्थ पूर्वी मास्तरांची मंडळी असा होता. बायका शाळेत शिकवू लागल्यावर तो बदलला. शेतकरीण मात्र अद्याप त्या जुन्याच घरात राहते. शेतकरीण म्हणजे शेतकऱ्याची बायको. ती जन्मभर शेत करील, पण शब्द तिला नवऱ्याच्या नात्याने ओळखतो. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी संघटनेने स्त्रियांचे अधिवेशन भरविले, तेव्हा त्यांनी 'शेतकऱ्यांच्या स्त्रिया' असे न म्हणता 'शेतकरी महिला' असे म्हटले. षष्ठीचा प्रत्यय गळाला, एवढेच. पण त्या प्रत्ययाबरोबर नवराही वाक्यातून बाजूला झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली आणि कित्येक गावांतून पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. शब्द आधी आला, सातबारा मागून आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच्याही शंभर वर्षे आधी जोतीराव फुले धर्माचरणाचे नियम सांगताना 'स्त्री अथवा पुरुष' असे दोघांचे नाव घेऊन लिहीत होते, आणि स्त्रीचे आधी. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. 'मनुष्य' म्हणून भागले असते. त्यांनी भागवून घेतले नाही. नियमावली कशी लिहावी याचा धडा एवढ्या जवळ असताना आपण तो इंग्रजीकडून का घ्यावा, हे आम्हांस कळत नाही.

शब्दाच्या व्याख्येवर पैसा अवलंबून असतो, हे आम्हां तेलंगणातील मंडळींना नव्याने सांगायला नको. २०१८ साली राज्य सरकारने 'रैतु बंधु' योजना काढली. एका हंगामाला एकरी ४,००० रुपये, पुढे ५,०००. (तेलुगूत बंधु म्हणजे कोणीही सोयराधायरा, आमच्या मराठी कानाला मात्र तेथेही भाऊच ऐकू आला.) २०२५ पासून तिच्या जागी 'रैतु भरोसा' आली. त्याच २०१८ साली 'रैतु बीमा' सुरू झाला. त्यात १८ ते ५९ वर्षांचा शेतकरी दगावला तर वारसाला पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद झाली. योजना उत्तमच. पण या दोन्हींत 'शेतकरी' कोण? ज्याच्या नावे पट्टा तो. पट्टा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या वा दिराच्या नावे असेल, तर वीस वर्षे त्याच रानात खुरपणारी स्त्री त्या रानातच साप चावून गेली तरी शेतकरी म्हणून गेली असे होत नाही. एम. एस. स्वामीनाथन यांनी २०१२ साली राज्यसभेत शेतकरी स्त्रियांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले. जमीन नावावर असो वा नसो, जी शेती करते ती शेतकरी, अशी व्याख्या त्यात होती. ते संमत झाले नाही.

पट्ट्यावर नाव येण्याचा एक मार्ग वारसाहक्काचा. या बाबतीत सीमेच्या अलीकडे आम्ही जरा नशीबवान. आंध्र प्रदेशाने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून ५ सप्टेंबर १९८५ पासून अविवाहित मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा, एक भैंशात आणि एक त्याच रस्त्यावरच्या भोकरात; इकडच्या मुलीला जो हक्क मिळाला तो तिकडच्या मुलीला जवळजवळ नऊ वर्षे उशिरा. साऱ्या देशासाठी तो २००५ साली आला. इतक्या घरांतून बेटीव्यवहार चालतो, पण या फरकाची चर्चा आम्ही कोणत्याही लग्नात ऐकलेली नाही.

हिंदू कायद्याच्या भाषेत एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकाला 'कर्ता' म्हणतात. व्याकरणातलाच तो शब्द. कर्ता म्हणजे घरातील ज्येष्ठ पुरुष, असे पिढ्यान् पिढ्या वकिलीच्या पुस्तकांतून छापले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्येष्ठ अपत्य मुलगी असेल तर तीही कर्ता होऊ शकते. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिकाच काढली. निकालांतून आणि युक्तिवादांतून स्त्रियांविषयी येणारे कोणते शब्द टाळावेत आणि त्यांच्या जागी कोणते वापरावेत, याची यादी तीत आहे. आपल्या लेखणीतच काही दोष मुरलेला आहे, हे देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयाने कागदावर मान्य करावे, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर टंकलेखनाची यंत्रे घेऊन बसणाऱ्यांपर्यंत ती पुस्तिका पोहोचण्यास अवकाश आहे. तेथे एका दस्तऐवजात मात्र स्त्री पूर्वीपासूनच निर्विवाद कर्ता आहे. 'लिहून देणार' म्हणून पहिल्या ओळीत तिचे पूर्ण नाव, वय, राहणार, सारे असते. तो दस्तऐवज म्हणजे भावाच्या नावे करून दिलेले हक्कसोडपत्र.

शास्त्राचे लिखाण यातून सुटले आहे असे नव्हे. किरणोत्सर्गापासून संरक्षणाची मापे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७५ साली 'प्रमाण माणूस' वर्णिला, तो वीस ते तीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा गोरा पुरुष. झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीला अमेरिकेत १९९२ साली परवानगी मिळाली होती. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते म्हणून त्यांची मात्रा निम्मी, १० ऐवजी ५ मिलिग्रॅम करावी, असे तेथील औषध प्रशासनाने २०१३ साली सांगितले. वीस वर्षे माहितीपत्रक एकच होते. याउलट आमच्या हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टके पाहावीत. भारतीय माणसाचा आहार किती असावा हे सांगताना तेथे प्रमाण पुरुष आणि प्रमाण स्त्री ही दोन निराळी माणसे आहेत. २०२० च्या कोष्टकांत पुरुष ६५ किलोचा, स्त्री ५५ किलोची. बैठे काम, मध्यम काम, जड काम यांचे रकाने दोघांनाही. शिवाय गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचे निराळे. त्या संस्थेने स्त्रीला 'बंधूं'त धरून हिशेब केला असता, तर तो चुकलाच असता. तिला निराळे मोजावे लागते, हे ज्यांना पोषणात कळले त्यांचे उदाहरण भैंशापासून काही फार लांब नाही.

आमच्या घरांतील एक अडचण येथे सांगितली पाहिजे. आपली मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आई मराठी बोलते, पण पत्रकातील मराठी मजकुरापर्यंत तिची अक्षरओळख पुष्कळदा पोहोचत नाही. तेव्हा पत्रक वाचले गेलेच, तर ते आठवी-नववीतल्या मुलीकडून, तेलुगूतून, आणि तिने मराठी करून सांगितले तर. अशा मुलीला पत्रकात 'बंधूंनो' दिसते, आणि ते बाबांसाठी आहे असे समजून ती घडी घालून ठेवते. तिच्या हाती पडावे म्हणून आम्ही त्या पत्रकातील तीन वाक्ये पुन्हा लिहून पाहिली :

रंगीत सरकीला औषध चोळलेले आहे. ती टोबणाऱ्या बायांनी व गड्यांनी हातमोजे घालावेत. ते शेतमालकाने पुरवावेत. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये.

औषध कालवताना व पाणी आणून देताना जवळ असणाऱ्या प्रत्येकाने नाकातोंडाला फडके बांधावे. गरोदर स्त्रीने व मुलांनी तेथे येऊ नये. फवारलेल्या रानात त्याच दिवशी खुरपणीस बाया लावू नयेत.

ज्याने फवारले त्याने आपले कपडे स्वतः, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवावेत. घरातील दुसऱ्या कोणाच्या धुण्यात ते टाकू नयेत.

शब्द थोडे वाढले, हे कबूल. छापणारा म्हणेल, जागा कोठून आणू? वरच्या पंपवाल्या चित्राची जागा पुष्कळ आहे. तिसऱ्या वाक्यावर आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ शेतकऱ्याने आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे, हे औषधाच्या पत्रकात शोभत नाही, हे घरातले झाले. आम्ही त्यांना विचारले, विष घरात येते कोणत्या वाटेने?

वाचकांना आमची एक विनंती आहे. निजामाबाद, निर्मळ, आदिलाबाद, बिदर, कोठेही आपण असा; या हंगामात बियाण्याबरोबर, औषधाबरोबर, खताबरोबर अथवा दवाखान्यातून घरी आलेले एखादे पत्रक टाकून न देता आमच्याकडे पाठवावे. भाषा कोणतीही चालेल. पाठविण्यापूर्वी मागील कोऱ्या बाजूस एवढेच लिहावे, की ते घरात कोणी वाचले, कोणाला वाचून दाखविले, आणि त्यातील काम प्रत्यक्षात कोणी केले.